एका कान्याचे अंतर

गेल्या महिन्यातील गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपून घरातील मंडळी दिवाणखान्यात बसली होती. धाकट्या चिरंजिवांनी दूरदर्शन संच लावला होता व त्यावर विलायतेतील एका फुटबॉल सामन्याचे जुने चित्रण चालू होते. आमची नात यंदा आठवीत आहे. ती मांडी घालून अगदी एकाग्र चित्ताने पाहत होती. मध्येच तिने विचारले, "आजोबा, ह्या वेम्ब्लीला राष्ट्रीय मैदान म्हणतात. म्हणजे ते तिथल्या सरकारचे आहे का?"

आम्ही 'होय' म्हणणार होतो. परंतु ज्याची खात्री नाही त्यास 'होय' म्हणू नये, असे आम्हीच जन्मभर वर्गात सांगत आलो. तेव्हा 'शोधून सांगतो' असे म्हणून वेळ मारून नेली. प्रश्नामागे आणखी एक हेतू दडलेला होता, हे दुसऱ्या दिवशी ध्यानी आले. तिच्या शाळेत मुलींचा फुटबॉल संघ निघावयाचा होता आणि पालकांच्या सहीचे संमतिपत्र तिच्या दप्तरात होते. घरात दोन तट पडले. सौभाग्यवतींना गुडघ्यांची व दातांची काळजी. थोरल्या सूनबाईंना अभ्यासाची. धाकट्या सूनबाई मुलीच्या बाजूच्या. शेवटी 'आजोबा सांगतील तसे' ह्या आपल्या घरांतील जुन्या तोडग्यावर गाडी येऊन थांबली. आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि त्या अवधीत वेम्ब्लीचा इतिहास वाचून काढला. तोच आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

तत्पूर्वी एक जुना धडा. समूहवाचक शब्द देताना अमरसिंहाने आपल्या कोशात एक मौजेचा भेद सांगितला आहे. पशूंचा जमाव तो 'समज' आणि इतरांचा जमाव तो 'समाज'. पाणिनीनेही 'समज' हे रूप पशूंपुरतेच राखून ठेविले आहे. मराठीत समज म्हणजे उमज. तो शब्द निराळा. संस्कृतातील ह्या दोन्ही शब्दांचा धातू एकच, अर्थ हाकणे किंवा एकत्र नेणे. फरक काय तो एका कान्याचा. वर्गात हे सांगितले म्हणजे मागच्या बाकांवर हशा पिके. त्या एका कान्यात किती अर्थ भरला आहे, हे मात्र आम्हांस वेम्ब्लीने शिकविले.

लंडनच्या वायव्येस वेम्ब्ली हे स्थान आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर एडवर्ड वॉटकिन ह्या रेल्वे कंपनीच्या धुरीणांनी तेथे पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याहून उंच मनोरा उभारण्याचा घाट घातला. १८९६ साली त्याचा पहिला मजला लोकांस खुला झाला, आणि तेवढ्यावरच मनोऱ्याची वाढ खुंटली. १९०७ पर्यंत तोही पाडून टाकण्यात आला. पुढे ब्रिटिश साम्राज्याचे महाप्रदर्शन भरवावयाचे ठरले, तेव्हा ह्याच फसलेल्या मनोऱ्याच्या जागी सिमेंट काँक्रीटचे विशाल क्रीडांगण उठले. ३०० दिवसांत काम पुरे झाले व साडेसात लक्ष पौंड खर्च आला. दर्शनी बाजूस दोन पांढरे जोडमनोरे होते. नाव ठेविले 'एम्पायर स्टेडियम', म्हणजे साम्राज्याचे क्रीडांगण. १९२४ च्या त्या प्रदर्शनात हिंदुस्थानचे दालन होते, आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी सजविलेली एक खोलीही तेथे मांडली होती. साम्राज्यात आपले स्थान मांडून ठेवावयाच्या वस्तूंत होते, एवढे ह्यावरून कळावे.

प्रदर्शनाच्या आदल्या वर्षी, २८ एप्रिल १९२३ रोजी, मैदान उघडले ते फुटबॉलच्या चषकाच्या अंतिम सामन्याने. बोल्टन वाँडरर्स विरुद्ध वेस्ट हॅम युनायटेड. जागा मुबलक आहे ह्या भरवशावर बहुतेक तिकिटे दारावरच विकावयाची होती. दाराशी मोजलेली माणसे भरली १,२६,०४७; पण दारे बंद केल्यावर भिंतींवरून, कुंपणांवरून जे आत आले त्यांची गणती कोणी करावी? दोन लक्ष तरी असावेत असा अंदाज सांगतात. लोक पायऱ्यांवरून घसरत खाली आले आणि हिरवळ दिसेनाशी झाली. स्वतः बादशहा पाचवे जॉर्ज येऊन बसले, तरी खेळावयास जागाच नाही!

त्या वेळी जे पोलीस घोड्यांवरून आले त्यांत जॉर्ज स्कोरी नावाचा एक शिपाई होता. त्याच्या घोड्याचे नाव बिली. घोडा खरे म्हणजे करड्या रंगाचा. पण त्या काळच्या चित्रपटांत तो पांढरा शुभ्र दिसला व तो सामना 'पांढऱ्या घोड्याचा सामना' म्हणूनच विख्यात झाला. बिलीने दांडगाई केली नाही. हळूहळू, नाकाडाने व छातीने लोटीत, त्याने माणसांचे कडे मागे सरकविले. लोकांनी हातांत हात गुंफून रेषेबाहेर कोट केला. पाऊण तास उशिराने खेळ सुरू झाला आणि दोन मिनिटांतच डेव्हिड जॅकने ह्या मैदानावरील पहिला गोल केला. बोल्टनने सामना दोन गोलांनी जिंकला. शेकडो लोकांस दुखापती झाल्या, परंतु प्राण एकाचाही गेला नाही. पुढील वर्षापासून आगाऊ तिकिटावाचून अंतिम सामन्यास प्रवेश मिळेनासा झाला. नव्या क्रीडांगणाजवळील एका पादचारी पुलास आज 'पांढऱ्या घोड्याचा पूल' असे नाव आहे. माणसांच्या समजाचा समाज एका पशूने करावा, हे अमरसिंहास ऐकवावयास हवे होते.

आता नातीच्या प्रश्नाचे उत्तर. हे मैदान सरकारचे नव्हते. प्रदर्शन संपल्यावर ते कोणास नकोसे झाले होते. प्रदर्शनात विड्यासिगारेटींचे दुकान चालविणाऱ्या आर्थर एल्विन नावाच्या उद्योगी गृहस्थाने १९२७ साली ते पदरात पाडून घेतले, कंपनी काढली आणि तेथे शिकारी कुत्र्यांच्या शर्यती सुरू केल्या. मैदानाचा प्रपंच चालला तो बराचसा त्या कुत्र्यांच्या पायांवर. १९६६ साली जगज्जेतेपदाचे फुटबॉल सामने इंग्लंडात झाले, तेव्हा उरुग्वे व फ्रान्स ह्यांचा सामना दुसऱ्या मैदानावर न्यावा लागला. कारण त्या दिवशी वेम्ब्लीत कुत्र्यांची शर्यत ठरलेली होती व मालक ती रद्द करावयास राजी नव्हते! आजही नव्या वेम्ब्लीची मालकी फुटबॉल असोसिएशन ह्या संस्थेकडे आहे, सरकारकडे नाही. मग राष्ट्राचे म्हणावयाचे ते कशाच्या बळावर? सात-बाऱ्याच्या उताऱ्यावर तर खास नव्हे.

ह्याचे पहिले उत्तर १९४८ साली मिळाले, आणि त्यात आपला वाटा आहे. महायुद्धाने पोळलेल्या लंडनमध्ये त्या वर्षी ऑलिंपिक सामने भरले. शिधापत्रिकेवर अन्न मिळत होते. खेळाडूंसाठी नवी घरे न बांधता त्यांस लष्करी छावण्यांत व शाळांत उतरविले. १२ ऑगस्ट रोजी, म्हणजे आपल्या स्वातंत्र्यास वर्ष पुरे व्हावयास तीन दिवस असताना, वेम्ब्लीवर हॉकीचा अंतिम सामना झाला तो भारत व ब्रिटन ह्यांच्यात. १९२८, १९३२ व १९३६ ह्या तिन्ही वेळा हिंदुस्थान विजयी झाला होता, पण त्या स्पर्धांत ब्रिटन उतरलेच नव्हते. ह्या खेपेस प्रथमच गाठ पडली. किशनलाल आपले कर्णधार. बलबीरसिंग ह्यांनी दोन गोल केले व सामना ४-० असा आपण जिंकला. गोलरक्षक लिओ पिंटो मुंबईचे. साम्राज्याचे नाव धारण करणाऱ्या मैदानावर, पूर्वीच्या राज्यकर्त्यांच्या डोळ्यांदेखत तिरंगा चढला, आणि प्रेक्षक उठून उभे राहिले. पाव शतकापूर्वी जेथे आपला देश दालनात मांडून ठेविला होता, तेथे तो बरोबरीचा पाहुणा होऊन उभा राहिला. बांधणाराने ज्या हेतूने बांधले त्याच्या उलट कामी जे मैदान येऊ शकते, ते त्या बांधणाराचे राहत नाही. ते मोठे होते.

यजमानांनाही ह्या मैदानाने पाहुण्यांकडून पुष्कळ शिकविले. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीच्या संघाने इंग्लंडचा ६-३ असा पाडाव केला. खेळ आम्ही शोधला ही घमेंड पुष्काश व त्याच्या सोबत्यांनी एका दुपारी उतरविली. पुढे ३० जुलै १९६६ रोजी ह्याच हिरवळीवर इंग्लंडने पश्चिम जर्मनीस ४-२ असे हरवून जगज्जेतेपद मिळविले. जेफ हर्स्टचे तीन गोल. त्यांतील एकात चेंडू आडव्या दांड्यास लागून खाली आला तो रेषेच्या आत की बाहेर, ह्यावर अजून वाद आहे. कर्णधार बॉबी मूर ३९ पायऱ्या चढून राणीकडून चषक घ्यावयास गेला. जिंकणाराने चढून जावयाचे आणि हरणारानेही त्याच पायऱ्या चढावयाच्या, हा तेथील प्रघात आम्हांस फार आवडला.

खेळाखेरीज ह्या मैदानाने संगीताचे जलसेही पाहिले. १९७२ पासून तेथे मोठमोठे जलसे होऊ लागले. ते संगीत आमच्या कानांच्या पलीकडले आहे, हे प्रांजळपणे सांगतो. परंतु १३ जुलै १९८५ च्या जलशाचे चित्रण धाकट्या चिरंजिवांनी आम्हांस दाखविले, तेव्हा आम्ही थक्क झालो. इथिओपियातील दुष्काळपीडितांसाठी द्रव्य जमवावयाचे म्हणून तो योजिला होता. त्याच दिवशी अमेरिकेत फिलाडेल्फियासही जोडीचा जलसा चालला होता. वेम्ब्लीत ७२,००० श्रोते. त्यांपुढे 'क्वीन' ह्या चमूचा गायक फ्रेडी मर्क्युरी सुमारे वीस मिनिटे उभा राहिला. तो एक स्वरावळ म्हणे व बहात्तर हजार कंठ ती जशीच्या तशी परत देत. हे आम्ही कोठे तरी पाहिले आहे असे वाटले, आणि मग उमगले: चांगला कीर्तनकार पूर्वरंग आटोपून नामघोष धरतो व सारे देऊळ मागे म्हणू लागते, तेच हे. ह्या गायकाचे मूळ नाव फारुख बलसारा. जन्म झांझिबारचा, कुळ पारशी, आणि शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. सह्याद्रीच्या माथ्यावर पियानोशी खेळणाऱ्या त्या पोराच्या मास्तरांस हे कधी स्वप्नात तरी आले असेल काय?

पुढे ११ जून १९८८ रोजी नेल्सन मंडेला ह्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा जलसा येथे झाला. ज्यांचा वाढदिवस ते कारागृहात होते. १६ एप्रिल १९९० रोजी, सुटकेनंतर दोन महिन्यांनी, ते स्वतः त्याच मैदानात येऊन बोलले. ज्याचे नाव दोन वर्षांपूर्वी गायिले तो समोर उभा, हा योग थोड्याच मैदानांच्या वाट्यास येतो.

ह्याच सुमारास इंग्लंडात एक भयंकर प्रसंग घडला. तो वेम्ब्लीतील नव्हे, शेफिल्डमधील हिल्सबरो मैदानावरील. तथापि तो सांगितल्यावाचून ही कथा पुरी होत नाही. १५ एप्रिल १९८९ रोजी चषकाच्या उपांत्य सामन्यात लोखंडी कुंपणांनी कोंडलेल्या जागेत माणसे चेंगरली. बळींची संख्या पुढे ९७ झाली. दोष प्रथम प्रेक्षकांच्याच माथी मारला गेला. दारू पिऊन आलेली झुंड, असे म्हटले गेले. मृतांच्या नातेवाइकांनी पाव शतकाहून अधिक काळ झगडून, २०१६ साली, प्रेक्षकांचा दोष नव्हता व पोलिसांच्या व्यवस्थेत घोर चुका झाल्या, असा निर्णय पदरात घेतला. येथे आमच्या कोशाचा अर्थ अंगावर काटा आणतो. माणसे स्वतःहून कळप होतात असे नेहमीच नसते. त्यांस कळप समजून कोंडवाड्यात घातले, म्हणजे काना कोणी काढून घेतला? त्या प्रसंगानंतर मोठ्या मैदानांतून उभ्याने पाहण्याची सोय गेली आणि वेम्ब्लीतही प्रत्येकास बसावयास आसन आले.

जुन्या वेम्ब्लीवर इंग्लंडचा शेवटचा सामना ७ ऑक्टोबर २००० रोजी झाला. जर्मनीने तो १-० असा जिंकला. पुढे जोडमनोऱ्यांसह सारे पाडण्यात आले. २००७ साली नवे क्रीडांगण उघडले: ९०,००० आसने, व वर १३३ मीटर उंचीची पोलादी कमान. त्यात २,६१८ शौचकूप बांधले, हा आकडा वाचून घरातील पोरे हसली. आम्ही हसलो नाही. पंढरीच्या वारीत ज्याने एकदा आषाढीची रात्र काढली आहे, तो ह्या आकड्यास हसणार नाही. माणसांस माणसांसारखे वागवावयाचे तर सोय आधी करावी लागते.

एवढे सारे बांधूनही ११ जुलै २०२१ रोजी काय झाले? युरोपच्या अजिंक्यपदाचा अंतिम सामना इंग्लंड व इटली ह्यांच्यात होता. तिकिटे नसलेले सुमारे दोन हजार लोक दारे फोडून आत घुसले. आणि कोणत्या दारांतून? अपंगांसाठी राखलेल्या दारांवरही त्यांनी हल्ले चढविले. थोडक्यात अनर्थ टळला, असे चौकशीच्या अहवालाने म्हटले. सामना हरल्यावर ज्या तीन तरुणांचे अखेरचे फटके चुकले त्यांस, ते कृष्णवर्णीय म्हणून, नाही नाही ते बोलले गेले. १९२३ सालीही लोक भिंतींवरून आत आले होते. पण एका घोड्याने नाकाने लोटताच ते मागे सरले होते. जमावाची भीती जुनीच आहे. सम्राट अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात 'समाज' भरविण्यात दोष पुष्कळ आहेत असे म्हणून, काही समाज मात्र चांगले असतात, अशी पुस्ती जोडली आहे. ती पुस्ती महत्त्वाची.

कारण सुमारे एका वर्षाने, ३१ जुलै २०२२ रोजी, त्याच मैदानावर युरोपच्या अजिंक्यपदाचा स्त्रियांचा अंतिम सामना झाला. इंग्लंडच्या मुलींनी जर्मनीच्या मुलींस जादा वेळेत २-१ असे हरविले. प्रेक्षक ८७,१९२, पुरुषांच्या वा स्त्रियांच्या युरोपीय अजिंक्यपदाच्या कोणत्याही सामन्यास तोवर एवढे लोक आले नव्हते. आया, मुली, आजोबा, कच्चीबच्ची; दारे कोणी फोडली नाहीत.

आणि येथेच आमचे वाचन थबकले. ५ डिसेंबर १९२१ रोजी, म्हणजे वेम्ब्ली उघडण्यापूर्वी दीड वर्षही नाही, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला होता की हा खेळ स्त्रियांस योग्य नाही व सभासद संस्थांनी आपली मैदाने त्यांस देऊ नयेत. लोकांस तो खेळ नको होता म्हणून नव्हे. १९२० च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलमध्ये स्त्रियांचा सामना पाहावयास ५३,००० लोक लोटले होते. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. म्हणजे राष्ट्राचे म्हणविणाऱ्या मैदानात पन्नास वर्षे निम्मे राष्ट्र प्रेक्षकांच्या बाकांपुरतेच होते.

परक्यांच्या ठरावावर टीका करणे सोपे असते. आम्हांस मात्र आमचाच एक ठराव आठवला. सुमारे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी, ज्या शाळेत आम्ही होतो तेथे मैदानाचे वेळापत्रक आमच्या हाती होते. एके दिवशी नववीतील पाच-सहा मुली शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. शनिवारी दुपारी मैदान मोकळे असते, ते आम्हांस फुटबॉल खेळावयास द्याल का, असे त्यांनी विचारले. मैदान खरोखरीच मोकळे असे. आम्ही म्हणालो, "हा खेळ मुलींचा नव्हे. तुम्ही लंगडी खेळा." त्या निमूटपणे गेल्या. पुन्हा त्यांनी विचारले नाही, आणि आम्हांसही त्यात काही वावगे वाटले नाही. त्या मुली आता चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे झुकल्या असतील. कोणी आमच्यावर रागावली असेल असेही नाही. बहुधा विसरूनही गेल्या असतील. पण तो शनिवार त्यांस परत देता येत नाही.

तेव्हा नातीस दिलेले उत्तर असे. मैदान कोणी बांधले, कोणाच्या नावावर आहे, ह्यावर ते राष्ट्राचे ठरत नाही. आत येणाऱ्या माणसांनी शेजाऱ्याच्या पायावर पाय न देता उभे राहावे, व्यवस्था पाहणाराने त्यांस गुरे समजू नये, आणि खेळावयाची ज्याची पात्रता आहे त्यास दार बंद नसावे. ह्या तीन गोष्टी साधल्या त्या दिवसापुरते ते राष्ट्राचे. न साधल्या तर पुन्हा सिमेंट आणि गवत. काना प्रत्येक वेळी नव्याने द्यावा लागतो.

नातीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग आजोबा, सही?" सौभाग्यवती म्हणाल्या, "दात पडले तर मला सांगू नका." आम्ही संमतिपत्र वाचून पाहिले. सराव शनिवारी दुपारी होता. चष्मा पुसून आम्ही सही केली.